‘दुर्मिळ’ केस वाचताना: मेंदूतली गाठ, हृदयातली बुरशी आणि माझा चुकलेला अंदाज



पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की पेपर वाचायला सुरुवात कुठून करू. कोणीतरी सीनियर सांगून ठेवतो, "केस रिपोर्टपासून कर, सोपे असतात." सल्ला वाईट नाही. दोन-तीन पानं, एक पेशंट, एक फोटो, शेवटी निदान. गोष्टीसारखं वाचून होतं. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला असताना मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण तो सोपा वाटतो म्हणूनच फसायला होतं. मी फसले, आणि त्याचा ताप माझ्या मामांच्या घराला झाला. आजची पोस्ट त्यावरच आहे.

मामा आमच्या सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतात. दोन वर्षांपूर्वी कपाशीवर फवारणी करून घरी आले, चहा घेताघेता डावा हात आपोआप झटके द्यायला लागला आणि दोन मिनिटांत बेशुद्ध. गावात सगळ्यांना आधी फवारणीची विषबाधाच वाटली, आणि आपल्या विदर्भात तसं वाटणं साहजिकच आहे. पण ती फिट होती. नागपूरला एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मेंदूच्या उजव्या फ्रंटल भागात १४ मिलिमीटरची एक गाठ आहे, कॉन्ट्रास्ट दिल्यावर तिची कड अंगठीसारखी चमकते, आजूबाजूला सूज आहे. खाली शक्यतांची यादी: ट्युबरक्युलोमा, न्यूरोसिस्टिसर्कोसिस, ट्यूमर, इतर.

घरात त्या यादीतला एकच शब्द सगळ्यांना वाचता आला. मामीने रिपोर्ट माझ्या हातात दिला. "तू एवढी शिकली, सांग ना वं, क्यान्सर त नाही नं?"

मी डॉक्टर नाही, हे मामीला सांगायला हवं होतं. ते न सांगता मी रात्री लॅपटॉप उघडला.

अशी अंगठीसारखी चमकणारी गाठ, मधुमेह नाही, एचआयव्ही नाही, शेतकरी, भारत. एवढं टाकून शोधलं की एक नाव पुन्हापुन्हा येतं: क्लॅडोफायलोफोरा बँटियाना. ही काळी बुरशी. पेशीभित्तिकेत मेलॅनिन असतं, म्हणून तिचे तंतू रंग न लावतासुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. ४२ अंश सेल्सियसलासुद्धा वाढते. आणि शरीरात शिरल्यावर तिची ओढ मेंदूकडेच असते, ती का हे अजून नीट उलगडलेलं नाही. इटलीतल्या ग्विदो बँटी यांनी १९११ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णावरून तिला नाव मिळालं. धडधाकट माणसाच्या मेंदूत गळू करते, स्कॅनवर ग्लायोमासारखी दिसते, आणि सर्जन कवटी उघडतो तेव्हा आतून काळपट पू निघतो. अशा वर्णनाचे रिपोर्ट एकामागून एक. शेतकरी, मध्यमवय, पहिलीच फिट. मला प्रत्येक रिपोर्टमध्ये मामाच दिसायला लागले.

त्यातून पुढची वाट फुटली. मेंदूत बुरशी पोचण्याचा एक रस्ता हृदयातून जातो. हृदयाच्या झडपेवर बुरशीचा गोळा वाढतो, त्याचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकतो. फंगल एंडोकार्डायटिस. मग ते रिपोर्ट वाचले. रात्री दोन वाजेपर्यंत मी मामांच्या हृदयापर्यंत पोचले होते.

सकाळी मामेभावाला फोन केला. "दादा, बुरशीसुद्धा असू शकते, आणि ती असली तर दहातले सहा-सात जण वाचत नाहीत, डॉक्टरांना विचार." हे वाक्य मी बोलले, आणि ते वैज्ञानिकदृष्ट्या खोटं नव्हतं, एवढीच त्याची जमेची बाजू. दादाने त्याच दिवशी मुंबईला ऑपरेशनची चौकशी केली आणि मामीचं सोनं गहाण ठेवायची बोलणी सुरू झाली.

दोन दिवसांनी न्यूरॉलॉजिस्टने स्कॅन बघितला. त्यांनी तीनच गोष्टी पाहिल्या: गाठ एकच आहे ना आणि २० मिलिमीटरच्या आत आहे ना, मेंदूची मध्यरेषा सरकली आहे का, आणि डोकेदुखी, उलट्या, नजर किंवा हातापायांची ताकद कमी होणं असं काही वाढत चाललंय का. मग म्हणाले, बहुतेक सिस्टिसर्कस आहे, फिटच्या गोळ्या सुरू करू, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. मामांचा पहिला आक्षेप आला, "साहेब, मी माळकरी हाओ, मटन-अंडं काहीच खात नाही." डॉक्टर हसले. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात होतो. मेंदूतली गाठ होते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ती कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या हातांतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून. माळ त्यापासून वाचवत नाही. मला हे परजीवीशास्त्राच्या पेपरात १० मार्कांसाठी पाठ होतं. मामांच्या बाबतीत ते आठवलंच नाही, कारण मी रात्रभर ‘दुर्मिळ’ वाचत बसले होते.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ बरीच आटली होती. सोनं घरीच राहिलं.

आता मुद्द्यावर येते. डॉक्टरांचे ते तीन प्रश्न आले कुठून?

१९८० च्या दशकात भारतात सीटी स्कॅन पसरला आणि फिट येणाऱ्या तरुण रुग्णांच्या मेंदूत एकेक लहान चमकणारी गाठ दिसायला लागली. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळे गाठ टीबीचीच असं धरून टीबीची औषधं दिली जायची. काही महिन्यांनी गाठ जायची आणि सगळ्यांना वाटायचं, बघा, औषध लागू पडलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चँडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाठींचे तुकडे काढून पॅथॉलॉजीत तपासले. अनेक गाठींमध्ये टीबी नव्हताच, सिस्टिसर्कस होता. तो आपोआपही जातो. म्हणजे जिला औषधाचा गुण समजत होते, ती गाठ औषधाशिवायही गेली असती. त्यांचा हा पेपर १९९१ चा. पुढे त्याच गटाने निकष ठरवले, आणि मामांसमोर बसलेल्या डॉक्टरांनी तेच वापरले.

फरक बघा. वेल्लोरच्या लोकांनी "आम्हाला एक विलक्षण पेशंट सापडला" असं लिहिलं नाही. एकसारखे दिसणारे बरेच रुग्ण घेतले आणि त्यातले किती खरंच तसे आहेत ते पाहिलं. मी रात्रभर जे वाचलं त्यात हा दुसरा आकडा, ज्याला आपण छेद म्हणतो, तोच नव्हता. अमुक पेशंटची गाठ बुरशीची निघाली, हे कळलं. अशा दिसणाऱ्या किती गाठींपैकी एक बुरशीची निघते, हे त्यातल्या एकाही पेपरमध्ये नव्हतं. असणंही शक्य नव्हतं, कारण केस रिपोर्टला छेद नसतोच. तो फक्त अंश असतो.

मुंबईचं एक जुनं काम आहे जे मला आता प्रत्येक ज्युनिअरला दाखवावंसं वाटतं. होमी दस्तूर आणि देसाई यांचा १९६५ चा ‘ब्रेन’ जर्नलमधला पेपर. मेंदूतले १०७ ट्युबरक्युलोमा आणि १०७ ग्लायोमा, दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवून तुलना. एमआरआय सोडाच, सीटी स्कॅनसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. तरी प्रश्न बरोबर पकडला होता: आपल्याकडे मेंदूत गाठ असलेला माणूस आला की ती टीबीची की कॅन्सरची, हे कशावरून सांगायचं? इंग्लंडमधल्या सर्जनला हा प्रश्न एवढ्या निकडीने पडत नव्हता. मुंबईत तो रोजचा होता.

आणि या पेपरवरही टीका करता येते, केलीच पाहिजे. दोन्हीकडे १०७ आहेत म्हणून दोन्ही आजार सारखेच होते असा अर्थ निघत नाही, कारण आकडे मुद्दाम सारखे घेतले आहेत. टीबी जास्त की ग्लायोमा जास्त, हे या रचनेतून कळणारच नाही. कळतं ते एवढंच की कुठली लक्षणं कुठल्या बाजूला झुकतात. कुठला पेपर कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो आणि कुठल्या प्रश्नाचं नाही, हे ओळखता आलं की साहित्य समीक्षेचं प्रकरण निम्मं झालं. (आमच्या कोर्सवर्कमध्ये ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ म्हणजे साठ पेपरांचे गोषवारे एकाखाली एक चिकटवणं, अशी समजूत आहे. त्याबद्दल नंतर कधीतरी भांडेन.)

आता ‘दुर्मिळ’ या शब्दाकडे. क्लॅडोफायलोफोराचे भारतीय रिपोर्ट काढा. बहुतेकांच्या शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत ‘दुर्मिळ’ असतंच. चंदीगडच्या पीजीआयचे अरुणालोके चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगभरातले कल्चरने सिद्ध झालेले १२४ रुग्ण एकत्र केले. त्यात सगळ्यात मोठा वाटा भारताचा. ज्या देशात जगातले सगळ्यात जास्त रुग्ण सापडतात, त्याच देशातला लेखक प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्यचकित होतो. मला हे खटकतं. ‘दुर्मिळ’ हा शब्द तिथे माहिती म्हणून येत नाही. संपादकाच्या दारावर मारलेली टकटक असते ती.

पण मी उलट टोकालाही जाणार नाही. १२४ म्हणजे कित्येक दशकांत जगभरातून १२४, आणि या बुरशीचं पहिलं पक्कं कल्चर अमेरिकेत १९५२ साली झालं. तेव्हा आजार तुरळक आहेच. फक्त छापलेला आकडा आणि खरा आकडा यांच्यामध्ये तीन चाळण्या आहेत: आजार झाला पाहिजे, तो ओळखला गेला पाहिजे, आणि कोणीतरी तो लिहून छापून आणला पाहिजे. पहिल्या चाळणीबद्दल सगळे बोलतात. दुसरीबद्दल मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी बोलायला हवं, कारण ती आपल्या बाकावर बसते.

दुसरी चाळणी म्हणजे नेमकं काय, ते सांगते. सर्जनला वाटलं ग्लायोमा आहे. काढलेला तुकडा कुठे जातो? पॅथॉलॉजीला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत. फॉर्मॅलिनमध्ये बुडाला की त्यातलं जिवंत सगळं मेलं, कल्चर संपलं. पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर तपकिरी तंतू दिसले तर ‘काळी बुरशी’ एवढं सांगता येईल, नेमकी कुठली ते सांगायला कल्चर किंवा डीएनए लागेल, आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून डीएनए काढणंसुद्धा त्रासाचंच. त्याच तुकड्याचा अर्धा भाग निर्जंतुक सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला आला असता तर? तिथेही धोका आहेच. ही बुरशी सावकाश वाढते, दोन-दोन आठवडे लागतात, कधी जास्त. प्लेट लवकर फेकली की रिपोर्ट ‘वाढ नाही’. आणि वाढ आली तरी काळी वसाहत बघून कोणीतरी म्हणणारच, "हवेतलं कंटॅमिनेशन दिसतंय." बाटलीवरच्या लेबलने निदान आधीच ठरवलेलं असतं. म्हणून केस रिपोर्ट वाचताना मी आता ‘नमुना कशात पाठवला’ ही ओळ आधी शोधते. पुष्कळदा ती नसतेच.

हृदयातल्या बुरशीचंही हेच. एंडोकार्डायटिस बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो. बुरशीचा वाटा साधारण एक-दोन टक्के. तो होतो कोणाला? कृत्रिम झडप बसवलेल्यांना, शिरेत दीर्घकाळ नळी असलेल्यांना, प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना. कॅन्डिडा असेल तर रक्ताच्या कल्चरमध्ये बऱ्याचदा सापडते. अॅस्परजिलस असेल तर रक्ताचं कल्चर बहुतांशी कोरंच येतं, आणि मग आठवडेच्या आठवडे जिवाणूंची औषधं चालू राहतात. या बुरशींचे गोळे मोठे असतात, त्यामुळे सुटलेला तुकडाही मोठा, पायाच्या मोठ्या धमनीत जाऊन अडकतो. पाय थंड पडतो, सर्जन ती गुठळी काढतो. ती गुठळी तपासायला पाठवली तर निदान हातात येतं. टाकून दिली तर गेलं. म्हणजे एका माणसाचं निदान एका ट्रेमध्ये पडलेल्या वाटाण्याएवढ्या गोष्टीवर अडून असतं.

यातला मोठा आढावा एलिस आणि सहकाऱ्यांचा, २००१ चा. १९६५ ते १९९५ या ३० वर्षांतले जगभरातले २७० रुग्ण. त्यातला एक आकडा मला कुठल्याही केस रिपोर्टपेक्षा जास्त बोलका वाटतो: ८२ टक्के रुग्णांचं निदान उशिरा झालं किंवा आधी चुकीचं झालं. मृत्युदर ७२ टक्के. आणि एक निष्कर्ष असा की ज्यांना औषधाबरोबर शस्त्रक्रियाही मिळाली ते जास्त वाचले.

इथे थांबा. नेट किंवा पेटच्या मुलाखतीत विचारण्यासारखा प्रश्न आहे हा. शस्त्रक्रिया झालेले जास्त वाचले, म्हणजे शस्त्रक्रियेने वाचवलं का? ऑपरेशन होण्यासाठी माणूस आधी ऑपरेशन टेबलापर्यंत जिवंत पोचावा लागतो. जो तिसऱ्या दिवशीच गेला, जो इतका खचलेला होता की सर्जनने हात लावायला नकार दिला, तो ‘फक्त औषध’ या गटात मोजला जातो आणि औषधाच्या नावावर एक मृत्यू चढतो. गट बनतानाच फायदा एका बाजूला गेला. शिवाय हे २७० रुग्ण म्हणजे छापून आलेले रुग्ण. ऑपरेशन करून वाचलेल्या माणसाची केस लिहायला सर्जनला हुरूप येतो. न कळता गेलेल्याची कोण लिहितो?

पुढे आंतरराष्ट्रीय एंडोकार्डायटिस नोंदणीतून, म्हणजे आलेला प्रत्येक रुग्ण नोंदवायचा अशा पद्धतीने, अडीच हजारांहून जास्त रुग्णांमधले कॅन्डिडाचे ३३ रुग्ण वेगळे काढले गेले. तो पेपर २००८ चा. त्यात मृत्युदर सुमारे ३० टक्के निघाला, आणि शस्त्रक्रियेसह औषध व फक्त औषध या दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. आता ३३ हा आकडा लहान आहे, तेवढ्यावर शस्त्रक्रिया नको असं कोणी म्हणू नये, आणि मार्गदर्शक सूचना आजही बहुतेकदा ती करायलाच सांगतात. शिवाय एलिसच्या २७० मध्ये अॅस्परजिलसही होता, जुना काळही होता, त्यामुळे ७२ आणि ३० ची सरळ तुलना बरोबर नाही. पण नोंदवण्याची पद्धत बदलली की चित्र किती हलतं, हे दिसलं ना?

अजून एक गोष्ट जी या रिपोर्टांमध्ये अर्ध्या वाक्यात उरकतात: "रुग्णाला सहा आठवडे अॅम्फोटेरिसिन देण्यात आले." आपण वर्धा जिल्ह्यातले लोक हे वाक्य तरी वेगळं वाचू शकतो. मे २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने नागपूर-वर्ध्यात हाहाकार होता, अॅम्फोटेरिसिनसाठी लोक जिल्हाभर फोन फिरवत होते, आणि तेव्हाच वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफसायन्सेस कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं. बाजारात सुमारे ७,००० रुपयांना मिळणारं इंजेक्शन १,२०० रुपयांत मिळेल असं तेव्हा जाहीर झालं होतं. आता गुणाकार करा. लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम धरला तर ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. सहा आठवड्यांच्या २५२. सात हजारांच्या भावाने साडेसतरा लाखांच्या वर. बाराशेच्या भावाने तीन लाख. ऑपरेशन, बेड, आयसीयू, नागपूरच्या खेपा वेगळ्या. "देण्यात आले" या दोन शब्दांत कोणाचं शेत गेलं, औषध मधेच सुटलं का, पेशंट दोन महिन्यांनी फेरतपासणीला आला का, काही नाही. २०१३ मध्ये केस रिपोर्ट कसे लिहावेत याच्या ‘केअर’ नावाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात रुग्णाची लेखी संमती आणि रुग्णाची स्वतःची बाजू, दोन्ही अपेक्षित आहेत. संमती आता बहुधा दिसते. रुग्णाची बाजू मी वाचलेल्यांपैकी फार थोड्यांत दिसली.

मग केस रिपोर्ट वाचूच नयेत का? एवढं सगळं बोलल्यावर कोणीतरी हे विचारणारच. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची छोटी नोंद आली. न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया. तेव्हा त्याला प्रोटोझोआ समजत, नंतर कळलं की तीही बुरशीच. एड्सची ती पहिली छापील खूण. पाचच रुग्ण, छेद नाही, तुलना नाही. तरी ती नोंद आजही वाचावी अशी आहे, कारण तिने एक गोष्ट स्पष्ट केली: हा न्यूमोनिया एरवी प्रतिकारशक्ती पार खालावलेल्यांनाच होतो, आणि इथे एकाच शहरात, थोड्या महिन्यांत, आधी निरोगी असलेल्या पाच जणांना झाला. ‘दुर्मिळ’ म्हणून ती थांबली नाही. कशाच्या तुलनेत दुर्मिळ, ते सांगितलं.

म्युकरच्या बाबतीतही तसंच झालं. आधी सुटे रिपोर्ट आले, कोविडनंतर नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत गेलेली बुरशी. मग भारतातल्या १६ केंद्रांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले २८७ म्युकर रुग्ण एकत्र केले. त्यातले १८७ कोविडशी जोडलेले, उरलेले कोविड नसलेले, म्हणजे तुलनेचा गट तिथेच तयार. म्हणून ते स्टिरॉइडच्या अयोग्य वापराबद्दल आधाराने बोलू शकले. सुट्या रिपोर्टांनी दार वाजवलं, दार उघडायला मोजणी लागली.

माझी तक्रार आहे ती आपल्याकडे दार वाजवूनच लोक निघून जातात याबद्दल. एका लेखकाच्या नावावर दहा ‘दुर्मिळ’ केस असतात आणि त्याच विभागातल्या दहा वर्षांच्या रजिस्टरला कोणी हात लावलेला नसतो. आपला जिल्हा घ्या. १९६९ पासूनचं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आणि सावंगीचं दुसरं, एका मध्यम जिल्ह्यात दोन-दोन. एखाद्या विद्यार्थ्याने एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन एवढंच मोजलं की गेल्या दहा वर्षांत मेंदूतल्या गाठींचे किती नमुने आले, त्यातले किती फक्त फॉर्मॅलिनमध्ये, किती कल्चरलाही गेले, किती प्लेटा चार आठवडे ठेवल्या, आणि शेवटी किती बुरशीच्या निघाल्या. यात नवं यंत्र नको, महागडं किट नको. उत्तर कदाचित शून्य येईल. शून्य आलं तरी ते कशापैकी शून्य हे माहीत असेल, आणि तेवढं क्लॅडोफायलोफोराच्या नव्या ‘दुर्मिळ’ रिपोर्टात नसतं. असा विषय घेऊन गेलात तर गाइड कदाचित म्हणतील, "यात नावीन्य काय?" मलाही म्हणाले होते, वेगळ्या विषयावर. उत्तर तयार ठेवा: छेद.

बाकी मामांचं. गाठीच्या जागी आता कॅल्शियमचा एक ठिपका उरला आहे. फिटच्या गोळ्या सुरू आहेत, पाण्याच्या टाक्यावर चढायला आणि एकट्याने मोटारसायकल चालवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्यातली दुसरी ते पाळत नाहीत. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा एमआरआयची फाइल काढून बसले होते. "तो किडा मेला म्हन्ते डॉक्टर. मंग हा टिपका कायचा हाये?" त्याचाच दगड झाला, असं मी म्हटलं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "असे माह्यासारखे अजून किती लोक असन वं आपल्या तालुक्यात?"

मी सांगू शकले नाही.